बारा तारांचा खांब

परतूर तालुक्यातली ती घटना आठवली की आधी डोळ्यांसमोर येतो तो एक नवाकोरा, सरळ उभा खांब. अपघाताच्या जागी पोचलेल्या पोलिसाला सहसा काहीतरी मोडलेले, सांडलेले, विस्कटलेले दिसते. तिथे सगळे जागच्या जागी होते आणि तेच मला खटकले.

गोष्ट नव्वद सालाच्या आगेमागची आहे. मी सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि तालुक्यातल्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. आष्टीच्या बाजूला शेतीपंपांसाठी विजेची नवी लाईन पडत होती. सिमेंटचे खांब उभे झाले होते आणि तारा ओढण्याचे काम सुरू होते. एके दिवशी सकाळी ग्रामीण रुग्णालयातून खबर आली की खांबावरून पडून एक वायरमन दगावला आहे. ठाणे अंमलदाराने आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली. मी जमादारांना बरोबर घेऊन निघालो. आधी रुग्णालयात प्रेताचा पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनासाठी दिले, व्हिसेरा, म्हणजे रासायनिक तपासणीसाठी पोटातले अवयव, राखून ठेवायला सांगितले आणि मग जागेवर गेलो. तोवर दुपार कलली होती.

खांब मधूनच मोडला आणि वर चढलेला वायरमन त्याच्यासकट खाली आला, असे गावकरी सांगत होते. पण तिथे मोडका खांब नव्हता. त्याच खड्ड्यात दुसरा खांब उभा होता आणि बुडाशी ताजा मुरूम ठोकून बसवला होता.

लाईनचे काम ज्याच्याकडे होते तो ठेकेदार स्वतः हजर होता. जालन्याजवळ त्याचा सिमेंटचे खांब तयार करण्याचा कारखाना होता आणि या लाईनचे सगळे खांब त्याच्याच कारखान्यातले होते. माणूस बोलायला गोड, कपडे पांढरेशुभ्र. मी विचारले, "मोडलेला खांब कुठे आहे?"

"गाडीवाटेत आडवा पडला होता साहेब. लोकांच्या गाड्या अडल्या. म्हणून बुडासकट काढून गाडीत टाकला आणि दुसरा उभा केला. लाईटचं काम आहे, लोकांची गैरसोय नको."

"या लाईनला वीज आली आहे का?"

"नाही, अजून अवकाश आहे."

जमादारांनी माझ्याकडे पाहिले. वीजच नाही, तर खांब उभा करण्याची एवढी घाई कशाला? माणूस मेलेल्या जागेला पोलीस येईपर्यंत हात लावू नये, हे वीस वर्षे ठेकेदारी केलेल्याला माहीत नसते असे मी मानत नाही. पंचनाम्यात जागा बदललेली असल्याची नोंद घेतली आणि मोडका खांब हजर करण्याची लेखी समज दिली. पुढे तो खांब खडीक्रशरवर फोडून टाकल्याचे कळले.

ठेकेदाराने मृत्यूचे कारणही तयार ठेवले होते. तारा ओढताना खांबावर एका बाजूने जोर येतो. तो सांभाळायला दुसऱ्या बाजूने जमिनीत तिरपी तार बांधतात, तिला ताण म्हणतात. "यानं ताण बांधलाच नाही," तो म्हणाला आणि आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "आणि साहेब, थोडी घेतलेली असेल. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण या लोकांचं असंच असतं."

मयताबरोबर एक वयस्क वायरमन कामाला होता. त्याचा जबाब घेतला. "माझी पाठ होती साहेब. मला काय दिसलं न्हाई," एवढेच तो म्हणत राहिला. ज्याने खरोखर पाहिलेले नसते तो बोलताना आपल्याकडे पाहतो. ज्याला बोलण्याची चोरी असते तो आपल्या शेजारी कोण उभे आहे ते पाहतो. हा प्रत्येक वाक्याला ठेकेदाराकडे पाहत होता.

काही दिवसांनी मयताची बायको सासऱ्यांना घेऊन ठाण्यात आली. बौद्ध कुटुंब होते. नवरा आयटीआय करून वायरमन झालेला, घरात पहिलाच शिकलेला. ती रडली नाही. खुर्ची दिली तरी उभीच राहिली.

"साहेब, माझा माणूस गेला, ते काय माघारी येत न्हाई. पर पिऊन चढला म्हून पडला, असं गावात म्हणून राह्यले. लेकरायला शाळात पोरं बेवड्याचे म्हणतेत. ह्यानं सुपारी खाल्ली न्हाई कधी. तुमी तपास करा. ह्याची चुक असंल तर तसं सांगा, मी ऐकून घेईन. पर तपास करा."

"ताई, तपास होईल," मी म्हणालो. हे वाक्य पोलीस दिवसातून किती वेळा म्हणतो त्याला मोजदाद नाही. त्या दिवशी मात्र ते मी विचार करून म्हणालो.

व्हिसेरा रासायनिक तपासणीला गेला होता. त्या काळी अहवाल यायला महिने लागत. मोडका खांब नव्हता, साक्षीदार बोलत नव्हता. आकस्मिक मृत्यूचे कागद तसेच बंद झाले असते, तर कोणी मला विचारले नसते.

मग खबर आली, आणि ती भंगारबाजारातून आली. जालन्यात लोखंडाचे कारखाने, त्यामुळे भंगाराचा धंदा मोठा. तिथला एक म्हातारा व्यापारी जमादारांच्या ओळखीचा होता. तो स्वतः ठाण्यात आला.

"साहेब, भंगारात जुना माल येते, गंजलेला, वाकलेला. पण आमच्या बाजूच्या दुकानात कोऱ्या वायरचे बंडल येऊन राह्यले. पोलमधी टाकतेत ती वायर. बिलकुल नवी. अंगूरचे बागवाले मांडवाला घेऊन जातेत, जल्दी खपते. पोलच्या कारखान्याची गाडी आणून टाकते, मी डोळ्यानं पाह्यली."

"चाचा, तुम्ही हे आज का सांगता?"

तो हसला. "खरं बोलू का? तो माल मला न्हाई भेटला म्हणून सांगून राह्यलो. पण माणूस मेला हे ऐकलं तवापासून झोप बराबर लागत न्हाई, हे बी खरं."

खबऱ्याचा हेतू शुद्ध असावा असा आग्रह मी कधी धरला नाही. हेतू कसाही असो, खबर तपासून पाहायची असते. आम्ही द्राक्षबागांमध्ये जाऊन पाहिले. मांडवाला तीच तार ताणलेली होती. पण कारखानदार म्हणू शकत होता की ही उरलेली तार आहे, मी विकली. खांबात कमी तार घातली हे त्यावरून सिद्ध होत नव्हते.

मला खांबाबद्दल काहीच माहीत नव्हते. औरंगाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात काँक्रीट शिकवणाऱ्या प्राध्यापिका होत्या, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी टेबलावरची पाचसहा पुस्तके ओळीने उभी केली, दोन्ही तळहातांनी दोन टोकांना दाबली आणि सगळी ओळ एकदम उचलली. पुस्तके हवेत एकसंध राहिली. मग त्यांनी हात सैल केले, तशी पुस्तके टेबलावर पडली.

"हा दाब म्हणजे खांबातल्या तारा," त्या म्हणाल्या. "ओळीने मांडलेल्या साच्यांतून तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ओढतात, जोरात ताणतात आणि मग काँक्रीट ओततात. ते घट्ट झालं की दोन खांबांच्या मधे तारा कापतात. कापलेली तार आखडायला बघते आणि काँक्रीटला आवळून धरते. तार कमी, तर आवळणं कमी. नुसता बघून असा खांब ओळखू येत नाही. उभाही राहतो. भार आला की मोडतो."

"आणि चाचणी कशी करतात?"

"खांब आडवा ठेवून बूड पक्कं जखडायचं, शेंड्याजवळ दोर बांधून ओढायचं. किती जोर लागला ते डायलवर दिसतं. चांगला खांब धनुष्यासारखा वाकतो, बारीक तडे जातात. जोर काढला की सरळ होतो आणि तडे मिटतात. मिटले नाहीत तर तो खांब नापास."

मी त्यांना पंचांसमोर चाचणी करून देण्याची विनंती केली. त्या लगेच तयार झाल्या. कारखान्याच्या आवारातच चाचणीचा ओटा होता. डायल मात्र त्यांनी स्वतःची आणली. ठेकेदाराने चहा-बिस्किटांची सोय केली होती. शेकडो खांबांच्या थप्पीकडे हात करून तो म्हणाला, "कोणताही उचला साहेब. डोळे मिटून उचला."

आम्ही उचलले. बाईंनी खांबांना चुना लावला, म्हणजे तडे दिसावेत. खांब वाकले आणि जोर काढताच सरळ झाले. चुन्यावरच्या रेषा पुसल्यासारख्या नाहीशा झाल्या. टोकाच्या तोंडावर तारांची कापलेली बुडे दिसतात, ती नकाशाप्रमाणे बरोबर बारा होती. सगळे खांब पास.

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. दुसऱ्या दिवशी एका पुढाऱ्याचा फोन आला, "झालं ना समाधान? आता उद्योगधंदेवाल्यांना त्रास देऊ नका."

समाधान झाले नव्हते. प्रामाणिक कारखानदाराला सुद्धा चाचणीच्या वेळी थोडी धाकधूक असते, कारण हजारांत एखादा खांब खराब निघू शकतो. याला तेवढीही नव्हती. जणू निकाल त्याला आधीच ठाऊक होता.

मी कारखान्याच्या मिस्त्रीला चौकशीला बोलावले. साच्यावरचे सगळे काम त्याच्या हाताखाली चालत असे. माणूस चाळिशीचा, आपल्या कामावर जीव असलेला. आल्या आल्याच तो म्हणाला, "सायेब, मला काय म्हाईत न्हाई."

चौकशीचे प्रत्येकाचे तंत्र असते. काहीजण आवाज चढवतात, काहीजण हात उगारतात. मी नोकरीत एक गोष्ट कटाक्षाने पाळली. माणसाला गुन्ह्याबद्दल आधी विचारायचे नाही, त्याच्या कामाबद्दल विचारायचे. आपल्या कामाबद्दल बोलताना माणूस सहसा खोटे बोलत नाही, कारण त्याची त्याला सवयच नसते.

मी त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवले, चहा दिला. म्हणालो, "मिस्त्री, गुन्ह्याचं राहू द्या. खांब कसा तयार होतो ते मला समजावून सांगा. सकाळी कामाला आल्यापासून सुरू करा."

तो सैलावला. "सकाळी बाया साचे झाडतेत, तेल लावतेत. तवर दोन गडी वायरचे बंडल उलगडून ह्या टोकाचं त्या टोकाला नेतेत. एक गडी तुकडे तोडून ठिवतो. मंग मशीनवर वायर ताणायची, किती ताणली त्ये मी सोता बघतो, मंग माल कालवायचा..."

"एक मिनिट. तुकडे कशाचे?"

त्याने कपाला तोंड लावले.

"बाईंनी मला सांगितलं," मी म्हणालो, "की तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असते. कापायची ती काँक्रीट घट्ट झाल्यावर. मग काँक्रीट ओतायच्या आधी हा गडी तुकडे कशाचे तोडतो?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. जमादार शेजारी उभे होते, त्यांनाही डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितले. आवारात एक शिपाई सायकल धूत होता, तेवढा पाण्याचा आवाज येत होता. मग मिस्त्री खाली मान घालून बोलला.

"आठच वायरी ताणायच्या. बाकी चार जागी दोन्ही टोकायला हातभराचे तुकडे रोवायचे. भायेरून बारा दिसायला पायजेत, असं मालकानं सांगितल्तं."

"आणि तपासणीचे खांब?"

"त्ये येगळ्या साच्यांच्या लाईनीवर. त्यात बराबर बारा. तपासणीवाल्याला तीच थप्पी दावायची. दुसरा माल पक्का झाला की गाडीत. कारखान्यात ठिवायचाच न्हाई." मग तो म्हणाला, "त्यो वायरमन मेला त्या दिसापासून मी साच्यापाशी हुबा राह्यलो की त्येच आठवतं, सायेब."

पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मिस्त्री उद्या फिरला असता तर सगळे तिथेच संपले असते. बोलायला हवे होते ते खांबानेच, आणि कारखान्यातल्या नव्हे तर शेतात उभ्या असलेल्या.

मी जालन्याला पोलीस अधीक्षक साहेबांकडे गेलो. लाईनमधले खांब उपटून तपासण्याची परवानगी हवी, असे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "तुम्ही सरकारी योजनेतले उभे खांब उपटणार. ते चांगले निघाले तर?"

"तर माझी बदली करा, साहेब."

"बदली तर तुमची कोणीतरी करवणारच आहे," ते म्हणाले. "तोपर्यंत खांब उपटून घ्या." आणि त्यांनी सही केली.

खांब निवडण्याचा प्रश्न मी फार विचार करून सोडवला. उद्या कोणी म्हणायला नको की पोलिसांनी मुद्दाम खराब खांब घेतला. एक खांब गावच्या सरपंचाने निवडायचा, एक पंच म्हणून बोलावलेल्या निवृत्त शिक्षकांनी आणि एक खुद्द ठेकेदाराने. त्याला तशी नोटीस दिली. तो आला. सरपंच आणि गुरुजींनी आपापले खांब दाखवले. मग मी म्हणालो, "शेठ, तुमचा खांब निवडा. डोळे उघडे ठेवून निवडा."

तो लाईनच्या कडेने चालत गेला. दूरवर गेला, परत आला. एका खांबाला हात लावला, हात काढून घेतला. माळावर पंच उभे होते, गावकरी उभे होते, सगळे बघत होते. कारखान्यात शेकडो खांबांतून कोणताही उचला म्हणणाऱ्या माणसाला आपलाच एक खांब निवडता येईना. शेवटी तो म्हणाला, "तुम्हीच घ्या कोणता पण." मी ते शब्द पंचनाम्यात लिहून घेतले आणि त्याने हात लावलेला खांबच उपटायला सांगितला.

चाचणी त्याच कारखान्यात, त्याच ओट्यावर झाली. पहिला खांब जखडला, चुना लावला, दोर ओढायला सुरुवात झाली. बाई डायल वाचत होत्या. ठरलेल्या भाराच्या निम्म्यापर्यंतही काटा पोचला नव्हता, तोच चुन्यावर काळी रेघ उमटली. त्यांनी दोर सैल करायला सांगितला. रेघ तशीच राहिली. पुन्हा दोर ओढला आणि खांब कडाडून मोडला. धूळ बसल्यावर आम्ही जवळ गेलो. मोडलेल्या तोंडात आठ तारा होत्या. टोकाच्या तोंडावर बारा. बाईंनी टोकाचे काँक्रीट हातोडीने फोडायला लावले आणि एक तार पकडीत धरून ओढली. हातभर लांबीचा तुकडा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी तो पंचांना दाखवला आणि सीलबंद केला.

उरलेले दोन्ही खांब तसेच निघाले.

ओट्याच्या कडेला तो वयस्क वायरमन उभा होता. त्याला मी साक्षीदार म्हणून बोलावलेच होते. तो हळूहळू माझ्याजवळ आला. या वेळी ठेकेदार समोर होता, पण याने त्याच्याकडे पाहिले नाही.

"साहेब, माझा जबाब फिरून घ्या. ताण बांधलेला होता. मीच बांधला होता, अन् चढायच्या आधी त्यानं दोनदा ओढून पाह्यला होता. पोल पडल्यावर मालकाच्या माणसायनं ताण सोडून टाकला. मला म्हणले, बोलला तर काम बंद."

दुसरा कोणी बोलेपर्यंत घाबरलेला माणूस बोलत नाही. त्या दिवशी आधी खांब बोलला होता.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणे, फसवणूक आणि पुरावा नाहीसा करणे या कलमांखाली गुन्हा दाखल झाला. ठेकेदाराला अटक केली. त्या लाईनवर कोणीही चढू नये असा आदेश निघाला आणि पुढे सगळे खांब बदलले गेले. जिल्ह्यात त्या कारखान्याचे खांब जिथे जिथे गेले होते तिथेही तपासणी झाली. किती वायरमन त्यांवर चढले असते याचा विचार मी आजही करतो, आणि त्या सगळ्यांच्या घरी संध्याकाळी काही विशेष घडले नाही याचा मला अभिमान वाटतो. अधीक्षक साहेबांचे भाकीत खरे ठरले. माझी बदली झाली. पण दोषारोपपत्र मी आधीच पाठवले होते. प्राध्यापिका बाई साक्षीला आल्या, न्यायालयातही त्यांनी पुस्तके उचलून दाखवली. मिस्त्री फिरला नाही. शिक्षा झाली आणि अपिलातही कायम राहिली.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली आणि ती मी पुढे प्रत्येक ठाण्यात हाताखालच्या लोकांना सांगितली. ज्याची तपासणी करायची त्यानेच नमुना पुढे केला तर ती तपासणी नसते, पाहुणचार असतो. आपण स्वतः उठून, तो दाखवत नाही तिथे जायचे. खांबांना हे लागू आहे तसे माणसांना, साक्षीदारांना आणि आमच्या खात्यालाही.

निकाल बऱ्याच वर्षांनी लागला. पण माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा निकाल त्याआधीच लागला होता, बदलीच्या हुकमानंतर आणि मी ठाणे सोडण्याच्या थोडे आधी. व्हिसेऱ्याचा अहवाल आला होता. मद्याचा अंशही आढळला नव्हता. असा अहवाल फाइलला लावायचा असतो, गावात वाचून दाखवायचा नियम नाही. तरी मी जमादारांना घेऊन गेलो. सरपंचांना सांगून शाळेसमोरच्या पटांगणात लोकांना बोलावले. सगळ्या वस्त्यांतले लोक आले, मास्तर आले, पोरे आली. मयताची बायको पुढे बसली होती, दोन्ही मुले तिच्याजवळ होती.

मी उभा राहून, लिहून आणलेल्या कागदावरून वाचले की या गावचा वायरमन दारू प्यालेला नव्हता, तसा सरकारी अहवाल आहे. ताण बांधलेला होता, त्याने तो दोनदा तपासला होता, त्याचे काम नियमाप्रमाणे बरोबर होते. खोट होती ती खांबात, आणि ती खोट करणाऱ्याला आम्ही पकडले आहे.

मी कागद घडी घालू लागलो, तेव्हा ती उठून उभी राहिली. मागे वळून गर्दीकडे तिने एकदा पाहिले आणि मग मला म्हणाली, "साहेब, मागं बसलेल्यायला ऐकू गेलं न्हाई. पुन्हा एकदा वाचा."

मी टोपी सारखी केली, कागद पुन्हा उघडला आणि पहिल्यापासून, परेडच्या मैदानावर देतात त्या आवाजात वाचला.